मायच्या नावाचा सिलिंडर

माय, आज सकाळी सिलिंडरवाल्याने दारात पुन्हा तुझं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. तुला जाऊन चौदा वर्षं झाली, पण गॅसच्या पुस्तकावर अजून तूच आहेस. मी नेहमीसारखी "हो" म्हणत बाहेर गेले. त्याने सिलिंडर तिरपा करून बुडाच्या कडेवर फिरवत ओट्यापर्यंत आणला, सील दाखवलं, आणि जाताना म्हणाला, "म्याडम, आता आजीले एक डाव घेऊन या हापिसात. अंगठा मांगून राहिले. नाही तं नाव बदलवून घ्या." तुला घेऊन जाणं काही जमण्यासारखं नाही, म्हणून दुपारी जाऊन फॉर्म आणला. तो समोर पडलाय आणि मी भलतंच लिहीत बसले आहे.

तुझं नाव मीच घातलं होतं त्या पुस्तकावर. अर्जुनी मोरगावकडच्या शाळेत लागले आणि पहिल्या पगारात तुला गॅस घेतला. लोक मायला लुगडं घेतात. माझं डोकं आधीपासूनच वेगळं. बाबा गेलेले, आमगावजवळच्या त्या घरात तू एकटी, आणि तुझा खोकला मला तिकडे वर्गातसुद्धा ऐकू यायचा. शेगडी बसवायला आला तो माणूस अजून आठवतो. एक पाय पाटावर ठेवून त्याने अख्ख्या शेजाराला ऐकू जाईल असं भाषण दिलं. वास आला की पहिले बटण बंद, मग खिडकी उघडायची, काडी ओढायची नाही. तू सगळं खाली मान घालून ऐकलंस आणि एकच विचारलंस, "अन् वास नाही आला तं?"

तो हसला. "येतेच ना, बाई! याले सोताचा वास नसते. तेवढ्यासाठीच तं वास घालून देतात. आंधळ्याले बी समजते." दारात जमलेल्या बायका हसल्या. मी पण हसले, माय. अडाण्यासारखं काय विचारते, असं वाटून मला थोडी लाजही वाटली.

त्यानंतर तू काय केलंस, तर शेगडीवर फुलाफुलांचं कापड टाकलंस आणि चुलीसमोर बसलीस. शनिवारी गोंदियाला गाडी बदलून मी घरी पोचले की कापड निघायचं. मला ओट्याजवळ पाट द्यायचा, "बस इथंच" म्हणायचं, आणि मग मोठ्या थाटात गॅसवर चहा, लाखोरीचं वरण, भात. मी अंगणात जायला उठले की लगेच "कुठं चालली?" एक सिलिंडर तुला वर्षभर पुरायचा. शाळेत मी सगळ्यांना सांगायची, आमच्या मायने गॅसला पाहुणा करून ठेवलाय, आणि शिक्षकांच्या खोलीत हशा पिकायचा.

एकदा शुक्रवारीच सुट्टी मिळाली आणि न कळवता आले. तू चुलीपुढे फुंकणी घेऊन, डोळे लाल, बोलता येईना इतका खोकला. शेगडी कापडाखाली. माझं डोकंच फिरलं. "लोकांच्या बाया गॅससाठी चकरा मारून राहिल्या, अन् तू? कायले आणला मंग मी? माझं केलेलं तुले पाहवतच नाही!" असं बोलले. आज लिहितानाही कान गरम होतात. तू लाकूड मागे ओढलंस, विझवलंस, पदराने तोंड पुसलंस. मग हळूच म्हणालीस, "तू असली म्हणजे लावतो ना मी."

मी ते हट्ट म्हणून घेतलं. तू गेलीस तोपर्यंत, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं.

मग ती तापाची साथ आली. मी बरी झाले, पण नाक गेलं. तीन आठवडे ना फोडणीचा वास, ना साबणाचा. चौथ्या की पाचव्या दिवशी, घरात कोणी नसताना, चहा ठेवायला म्हणून शेगडीपुढे उभी राहिले आणि बटणाला हात लाववेना. गळत असला तर मला कसं कळणार? काडी हातात घेऊन तशीच उभी. शेवटी शेजारीण धुणं वाळत घालत होती, तिला खिडकीतून विचारलं, "अवो, जरा येऊन वास पाहता का?" आणि ते माझ्याच तोंडून ऐकलं तेव्हा ओट्याजवळचा तुझा तो पाट आठवला.

लहानपणी तू मला अंगणातून ओढून आणायचीस, "वास पाह्य वो, भात लागला का?" तूप कढवताना, दूध नासलं की नाही पाहताना, मीच. पाहुण्यांना सांगायचीस, "माह्या पोरीचं नाक लय तेज आहे," आणि मी फुगून जायची. सुगंधी तांदूळ शिजला की विचारायचीस, "वास येऊन राहिला का?" मला वाटायचं तुला कौतुक हवंय. कधीपासून येत नव्हता तुला वास? धुराने गेला की जन्मापासूनच नव्हता? धानाच्या गावात भाताचा वास न येणारी बाई, हे कोणाला सांगायची लाज वाटली असेल. पण मला सांगायचं होतंस. आणि मी तरी ऐकलं असतं का, देव जाणे. मी त्या माणसाबरोबर हसले होते ना.

फार रडले नाही, खरं सांगते. उलट बरं वाटलं. इतकी वर्षं वाटत होतं की माझी भेट तुला नकोशी होती. तुला ती हवी होती, फक्त सोबत मी हवी होते. दर शनिवारी तू माझ्या भरवशावर गॅस लावलास, याहून जास्त काय पाहिजे.

फॉर्म भरलाय. उद्या नेऊन देईन. हे पत्र तुझ्या जुन्या पुस्तकात घालून कपाटात ठेवते, ते काही मी हापिसात देणार नाही.

आणि एक. माझं नाक केव्हाच नीट झालंय. तरी भात उतरवायच्या आधी मी लेकीला हाक मारते, "ये गं, वास पाहा." ती मोबाईल घेऊन कुरकुरत येते, "आई, अजून नाही येत का तुला?" मी म्हणते, नाही ना नीट. मग ती भात होईपर्यंत ओट्याजवळ बसते.