माधवची उजवी बाजू

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. आर. के. पुरम, दिल्ली.

गुरुग्रामच्या नव्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू व्हायचंय, त्यासाठी रक्त तपासायला दिलं होतं. आज रिपोर्ट आला. गालफुगीच्या अँटिबॉडीज निगेटिव्ह. म्हणजे मला गालफुगी कधी झालीच नव्हती?

मग माधवला कुणी दिली? आई मरेपर्यंत सांगत राहिली, ताईने शाळेतून आणली आणि धाकट्या भावाला दिली. त्यात त्याचा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून मी माधवच्या उजवीकडे बसते, उजवीकडून चालते. पस्तीस वर्षं. नवऱ्याच्या कुठल्या बाजूला बसते ते आठवत नाही, पण भावाच्या उजवीकडेच.

लॅबमधल्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, इतक्या वर्षांनी अँटिबॉडीज कमी होतात, कधीकधी टेस्टमध्ये दिसतही नाहीत. म्हणजे हा कागदही मला धड मोकळं करत नाही. आईला विचारावं, तर ती नाही. आता राग तरी कुणावर काढू?

संध्याकाळी माधव आला. त्याला रिपोर्ट दाखवला, सगळं सांगून टाकलं, उजवीकडे बसण्याचंसुद्धा. त्याने शांतपणे चहा संपवला.

"अच्छा, म्हणून बसायचीस तू या बाजूला? मला वाटायचं, ताईला माझ्याशी बोलायला आवडतं."

 आणि तो हे म्हणाला तेव्हाही मी त्याच्या उजवीकडेच बसले होते.