काठावरची माणसं रुंद येतात

गोंदिया,
फेब्रुवारी १९५५

प्रिय हिरालाल,

तुझं खडगपूरहून आलेलं पत्र मिळालं. उत्तर लगेच लिहायला बसलो होतो, पण लिहिलेलं फाडून टाकलं. चिडलेल्या माणसाने पत्र लिहू नये हे मला कळतं. तरी आज लिहितो आहे, कारण राग उतरायची वाट पाहिली तर उन्हाळा येईल.

राग एका लेन्सवर आहे. हसू नकोस. गेल्या पावसाळ्यात नागपूरला एका निवृत्त रेल्वे इंजिनिअरचं सामान विकायला निघालं, त्यात ही वाइड लेन्स मिळाली. पितळी, बोराएवढी, पण नजर अशी की अरुंद गल्लीत उभं राहून समोरची अख्खी इमारत घ्यावी. मी हरखलो. इथल्या गिरणीवाल्यांना आपली गिरणी एका फोटोत सबंध हवी असते आणि समोर रस्ता असतो बैलगाडीपुरता. पहिलाच फोटो एका शेठजींना नेऊन दिला, तर काठावरचं धुराडं तिरपं झालेलं. शेठजींनी शांतपणे विचारलं, हमारी मिल ने दारू पी है क्या? शिवाय उजेड समोरून आला की या लेन्समध्ये तो आतल्या काचांवर आपटतो आणि फोटोच्या मधोमध एक पांढरं वर्तुळ उमटतं. हे दोष मला तेव्हाच कळले होते. पण मधली माणसं नीट येतात, असं म्हणून मी ती वापरत राहिलो.

दिवाळीत उदाराम पटेलांनी देवरीकडे बोलावलं. तुझ्या बहिणीच्या, शामकलाच्या सासरी जायचं म्हणून मीही खुशीत होतो. त्यांना घरची सगळी माणसं, छपरावर नवी कवेलू घातलेली घरापुढची सपरी आणि बैलजोडी, सगळं एकाच फोटोत पाहिजे होतं. मागे सरकावं तर पाठीला गोठा. म्हणून तीच लेन्स लावली. बसवण्याचं काम पटेलांनी स्वतः केलं. मधे खुर्च्यांवर ते आणि धुरपताबाई, बाजूला मुलगे, मग थोरली सून, आणि अगदी टोकाला शामकला; सासऱ्यासमोर पुढे ओढलेला पदर तिने फोटो काढायच्या क्षणीच मागे घेतला. दुसऱ्या टोकाला बैल धरून त्यांचा गडी जागेश्वर. काळ्या कापडाखाली डोकं घालून मी बराच वेळ पाहिलं, पण या लेन्समधून कॅमेऱ्याच्या दुधी काचेच्या कडा इतक्या काळोख्या दिसतात की टोकाच्या माणसांचे चेहरे कळत नाहीत.

फोटो धुऊन नेला तेव्हा गोंधळ झाला. कवेलूंवरच्या आभाळाचा उजेड नेमका पटेलांच्या तोंडावर वर्तुळ होऊन बसला होता. शाळेतली नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी ते मला मास्तरच म्हणतात. म्हणाले, "काऊन मास्तर, माह्या तोंडावर हा चांदा कायले काढला?" घरातली पोरं तोंडात कापडाचे बोळे कोंबून हसत होती. मी लेन्सच्या काचा समजावून सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मग बायकोच्या तोंडावर का नाही आपटला उजेड? शेवटी फोटो पुन्हा काढायचा ठरलं. तोवर धुरपताबाईंनी त्याची एक प्रत तुला पाठवूनही दिली, कारण सून त्यात छान दिसत होती.

ती पाहून तू मला लिहिलंस, शामकला चांगली भरली आहे, गाल वर आलेत, जिवाला बरं वाटलं, रजेचा अर्ज मागे घेतला, आता अक्षय्य तृतीयेला, अखजीलाच येईन. तुझं हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

गेल्या आठवड्यात दुसरा फोटो काढायला गेलो. जुनी साधी लेन्सही घेतली होती. सगळे बसले, पण शामकलाच्या जागी थोरलीची मुलगी उभी. विचारलं तर कळलं की शामकलाला जरा ताप आहे. पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. ती धानाच्या कोठीला टेकून बसली होती. बांगड्या हातातून गळून पडू नयेत म्हणून मनगटाला चिंधी बांधलेली. मला पाहून उठायला गेली आणि खोकल्याने पुन्हा खाली बसली.

बाहेर येऊन मी पटेलांना म्हटलं, हिला गोंदियाला डॉक्टरकडे न्या. त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यातून दिवाळीचा तोच फोटो काढला. "हे पाय मास्तर, तूच काढला ना? कशी गोलमटोल हाय. चार रोजच्या तापानं काय होऊन राहिलं तिले?" मी सांगितलं की ती जाडी लेन्सची आहे, या लेन्समध्ये काठावरची माणसं आडवी ताणली जातात. तिचा नवरा बकाराम बैलजोडी गोठ्यात न्यायला उठला. धुरपताबाई म्हणाल्या, काचेनं माणूस जाड होते तं आमच्या म्हशीले बी एक लावून द्या. सगळे हसले. हिरालाल, ही माणसं दुष्ट नाहीत. तिच्याबद्दल कुणी विचारलं की ती फोटो दाखवतात, आणि रोज दाखवून आता त्यांचाही त्यावर विश्वास बसला आहे. मी जे खरं सांगतो ते मात्र त्यांना बिघडलेल्या फोटोची सबब वाटतं.

परतताना बसमध्ये माझीच मला शंका आली. मी लेन्सवर सगळं ढकलतो आहे का? दिवाळीत ती खरंच चांगली असेल तर? घरी येऊन पाण्याचा गोल पितळी गुंड एकदा मधे आणि एकदा काठाला ठेवून फोटो काढले. मधला गोल आला, काठचा आडव्या भोपळ्यासारखा. पण गुंड म्हणजे माणूस नव्हे, हेही मनात आलंच. म्हणून तुला सांगतो, तुझ्याकडची प्रत काढ आणि दुसऱ्या टोकाला जागेश्वरला बघ. त्याला तू ओळखतोस. शामकलाच्या लग्नात त्याच्या बरगड्या मोजता येतात म्हणून तूच त्याची थट्टा केली होतीस. फोटोत तो आखाड्यातला पैलवान दिसतो. तो जितका पैलवान आहे, तितकीच शामकला भरलेली आहे. ती दिवाळीतच वाळली होती आणि आपण दोघांनी तिला सुदृढ पाहिलं.

मी तिला माझ्यासोबत आणायला तयार होतो. धुरपताबाई म्हणाल्या, परक्या माणसासंग सून कशी धाडू? पण भाऊ मुऱ्हाळी म्हणून न्यायला आला तर अडवणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे. इथल्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलं आहे. निघताना शामकला दाराआडून म्हणाली, "भोजराजदादा, भाऊले नोको सांगू. त्याले रजा नाही भेटत." मी हो म्हटलं नाही. म्हणून हे पत्र. अखजीची वाट पाहू नकोस, हे वाचलंस की मिळेल त्या गाडीने निघ. तू सपरीत बसण्याआधीच ते तुझ्या हातात फोटो देतील. तो घेऊ नकोस. सरळ आत जा.

तुझाच,
भोजराज