निम्मी तुझी, निम्मी माझी

४ फेब्रुवारी
आजाराला नाव मिळालं! इतकं लांब, की दुकानाच्या पाटीवर मावायचं नाही. इतकी वर्षं डॉक्टर काय म्हणत होते — टेन्शन, व्हिटॅमिन, "लग्न करा." मी न्हावी माणूस. हातातून कात्री गळून पडते आणि हे म्हणे लग्न करा! मग ताईच्या हातातूनही वर्गात खडू पडायला लागला, तेव्हा संशोधनवाले जागे झाले. दोघा भावंडांचं रक्त शेजारी ठेवून तपासलं. म्हणे आपलंच रक्त आपल्याच नसा कुरतडतंय. म्हणजे घरातल्या घरातच मारामारी.

११ फेब्रुवारी
नव्या औषधाची चाचणी. आम्ही दोघंही त्यात. काहींना खरी गोळी, काहींना नुसती पिठाची. दिसायला सारख्याच. कोणाला कुठली, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही! मी म्हटलं, "मग बाई, तुमचा उपयोग काय?" ताईने टेबलाखालून लाथ मारली. पाय शाबूत आहेत तिचे.

२० मार्च
एका गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचला. माझी गोळी पिठाचीच, दुसरं काय! दुकान बंद पडलं तर मी करू काय? दुसरं काही येतच नाही मला. ताईसमोर रडलो. घोड्यासारखा वाढलोय, तरी रडलो.

२३ मार्च
ताई म्हणाली, "एवढंच ना? वाटून घेऊ."
लहानपणी आमच्याकडे सगळं निम्मं व्हायचं. नियम आईचा — एकाने मोडायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. आता तसंच! रोज दोघांनी अर्धी तिची खायची, अर्धी माझी. एकाची तरी खरी निघेलच. लबाडी आहे? आहे. संशोधनाची वाट लागेल? लागू दे! माझी कात्री महत्त्वाची.
"तुझ्याने मोडवणार नाही," ताई म्हणाली. "तुझ्या गोळ्या इकडे दे. मी मोडून डबीत भरून पाठवत जाईन."
बरं झालं. तेवढीच कटकट वाचली.

२ मे
मिशी कोरली!! सरळ रेषेत!!! गिऱ्हाईक आरशात बघत बसलं, मी हाताकडे. ताईला फोन लावला. "माझंही छान चाललंय रे." आवाज दमलेला वाटला. पेपर तपासत असेल.

२९ मे
दवाखान्यात आम्हा दोघांसमोर निकालाचं पाकीट फोडलं. खरी गोळी ताईची, माझी पिठाची. आणि डॉक्टरीणबाई चष्मा पुसत विचारतात, "मग तुमच्या ताईंच्या रक्तात औषधाचा मागमूस नाही, आणि तुमच्यात भरपूर. हे कसं काय?"
मला आधी हसूच आलं. मग ताईकडे बघितलं. तिने हात पिशवीखाली लपवले होते.

३० मे
दोन्ही अर्ध्या तिच्याच गोळीच्या पाठवत होती. माझं पीठ स्वतः खात होती. मार्चमध्ये तिला गोळ्या मोडता येत होत्या, म्हणजे खरी तिचीच — तेव्हाच कळायला हवं होतं मला, गाढवाला! खूप भांडलो. ती म्हणते कशी, "मला खडूवाचून शिकवता येतं. तू काय तोंडाने दाढ्या करणार होतास?"
आता दोघांनाही खरी मिळणार. तिची बोटं परत येतील का, बाईंना सांगता येत नाही.
संध्याकाळी तिचे केस विंचरून दिले. तिला कंगवा धरवत नाही.