अर्धे पाणी, अर्धे मेथॅनॉल

मी, लोरेल हेडविग नोस्के, कै. आर्नो नोस्के यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार पीटरबरो, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या समजुतीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नाही, आणि पुढच्या आठवड्यात ॲडलेडचे डॉक्टर ती बदलणार आहेत. याआधी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात माझा दीर क्लेम नोस्के याला "काहीही मिळू नये" असे दोनदा लिहिले होते. वकीलबाई थिओडोरा कालिस तेव्हाच म्हणाल्या होत्या, "एकदा लिहिलं तरी पुरतं."

पहिले. राहते घर, मागची शेड आणि पाण्याच्या टाक्या माझी मुलगी पेट्रा हिच्या नावे कराव्यात. तिने घर विकले तरी चालेल. रंग मात्र हिरवा देऊ नये.

दुसरे. बँकेत जे असेल तेही पेट्राचे. त्यातला एक वाटा तिने विमानाने येणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेला द्यावा. कशासाठी ते पुढे येईल.

तिसरे. शेजारी मर्व्ह गिल्बी याने आमच्या इंजिनाच्या आवाजाबद्दल नगरपालिकेकडे इतक्या तक्रारी केल्या, की तिथली माणसे मला नावाने ओळखू लागली. त्याला आर्नोचे कानांवर लावायचे जाड टोपण द्यावे. ते चांगल्या स्थितीत आहे.

चौथे, गाडी. चौऱ्याहत्तर सालची होल्डन, आठ सिलिंडरचे इंजिन, त्यावर हवा कोंबणारा ब्लोअर आणि ब्लोअरवर दोन कार्बोरेटर. ती मी पेट्राला देते, कोणतीही अट न घालता. आधीच्या मृत्युपत्रात ती भंगारात घालावी असे होते. हा बदल का केला ते लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हातारीला कोणीतरी भुलवले असे लोक म्हणतील.

कोंबलेली हवा तापते. तापली की पेट्रोल वेळेआधी पेटते, डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येतो, आणि पिस्टनला भोक पडते. ते टाळायला आर्नोने काच धुण्याच्या पंपावर एक जुगाड केले होते. ब्लोअरचा दाब चढला की पंप सुरू व्हायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडावर बारीक फवारा उडायचा: अर्धे पाणी, अर्धे मेथॅनॉल. टाकी आत, चालकाच्या शेजारी. तिथून रबरी नळी इंजिनापर्यंत. नुसते मेथॅनॉल घातले तर ताकद आणखी मिळते, हे त्याला माहीत होते. पण तो म्हणायचा, "अर्धं पाणी. यावर चर्चा नाही." तो गेला, आणि पंप, टाकी आणि मिश्रण क्लेमच्या हाती आले. गाडी पेट्रा चालवू लागली.

दर मार्चमध्ये आम्ही मिठाच्या कोरड्या तळ्यावर वेगाच्या शर्यतीला जात होतो. एका वर्षी पेट्रा तिच्या गाडीच्या वर्गातल्या वेगाच्या विक्रमाला अगदी टेकली होती. दुपारी ती सुटली. तिच्यामागून मी आणि क्लेम पिकअपमध्ये निघालो, चाकावर मी. दुसऱ्या टोकाला गाडी उभी दिसली. धूर नाही, ज्वाळा नाही, सगळीकडे पांढरेशुभ्र मीठ. पेट्राचा हात खिडकीबाहेर हलत होता.

"वहिनी, मोडला गं विक्रम!" क्लेम ओरडला. "हात बघ कशी हलवतेय!"

मीही हसले. मग बॉनेटकडे लक्ष गेले. लाल रंगाला फोड येत होते. गाडीच्या पलीकडचे क्षितिज थरथरत होते.

"क्लेम, ती जळतेय."

मेथॅनॉलची ज्वाळा भर उन्हात दिसत नाही. पिकअप थांबायच्या आत क्लेम पाण्याचा कॅन उचलून उडी मारून धावला. दिसत नसलेल्या त्या आगीत त्याने कॅन ओतला, मग दोन्ही हात आत घातले. पेट्राने पट्ट्याचे बक्कल सुटेना म्हणून हातमोजे काढून टाकले होते. बक्कल त्याने उघडले. तिला ओढून मिठावर आणले तेव्हा त्याची दाढी आणि भुवया गेल्या होत्या, आणि तो एकच बडबडत होता, "विझलं का? वहिनी, विझलं का? मला दिसत नाहीये."

विमान आले आणि तिला ॲडलेडला घेऊन गेले. दुसऱ्या कलमातला वाटा त्यासाठी.

इस्पितळाच्या बाकावर क्लेम माझ्याशेजारी बसला. हातांना पट्ट्या बांधलेल्या.

"वहिनी, मी पाणी घातलं नव्हतं."

"कशात?"

"टाकीत. नुसतं मेथॅनॉल होतं. म्हटलं, आज एवढ्यावरून विक्रम जायला नको. नळी त्यानं मऊ पडली आणि तोटीवरून निसटली असणार."

मी त्याला एवढेच म्हणाले, "माझ्या दारात पुन्हा दिसू नकोस." आणि तो दिसला नाही. भंगारात जाईल म्हणून जळकी गाडी त्याने स्वतःच्या शेडमध्ये नेऊन झाकून ठेवली. टाकी वितळून गेली होती. तो बोलला नसता तर कोणाला काही कळले नसते. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली.

पेट्राच्या हातांवर कातडी लावली, पुन्हा लावली. डाव्या हाताची दोन बोटे पुरती मिटत नाहीत. ती पुन्हा बेकरीत कामाला लागली, आणि दर रविवारी सकाळी कुठेतरी जाऊ लागली. मला वाटले, कोणी मित्र असेल. एकदा तिच्या बाहीला ग्रीसचा वास आला.

"कुठे जातेस?"

"काकाकडे. आम्ही गाडी पुन्हा उभी करतोय."

माझ्या हातातली बशी फुटली. "त्याच्याकडे? अगं, स्वतःचे हात बघ एकदा!"

"रोजच बघते," ती म्हणाली. "हात माझे आहेत ना, आई? मग रागही माझाच होता. तू तो न विचारता घेतलास आणि वापरून वापरून झिजवलास. मला आता नकोय तो."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारले, "नळी कसली घातलीत?"

"धातूची. टाकी आता मागे, पत्र्याच्या आड. आणि बाहेरून दोर ओढला की पंप बंद."

या मार्चमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले. क्लेम म्हातारा झाला होता. मला पाहून त्याने टोपी काढली, परत घालावी की नाही ते त्याला कळेना. सकाळी त्याने माझ्यासमोर मिश्रण केले आणि द्रव किती जड आहे ते दाखवणारी तरंगती काचनळी माझ्या हातात दिली.

"वहिनी, तूच बघ. तू म्हणालीस तरच भरतो."

मी पाहिले. पुन्हा पाहिले. काचनळी बरोबर अर्ध्याच्या खुणेवर होती. "भर," मी म्हणाले.

पेट्रा सुटली. आम्ही मागून. गाडी ठिपक्याएवढी झाली, ब्लोअरची किंकाळी चढत चढत गेली, आणि एकाएकी तुटली. वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

"पाणी?" मी विचारले.

"तुझ्या पायाशी आहे."

क्लेमने पिकअप एवढी दामटली की कॅन माझ्या घोट्यांवर आपटत होता. मी बॉनेटच्या रंगाकडे डोळे लावले होते. फोड नाहीत. क्षितिज थरथरतेय का? सगळेच थरथरत होते, मला काही कळत नव्हते. क्लेम कॅन घेऊन धावला आणि बॉनेटवर पालथा करणार, तोच पलीकडून पेट्रा उठून उभी राहिली.

"काका, थांब! कार्बोरेटर भिजवशील! ॲक्सिलरेटरच्या दांडीचा बोल्ट पडलाय नुसता. पाना दे मला. आई अशी का बसलीय?"

मला उठता येत नव्हते. छातीवर कोणी गुडघा रोवावा तसे झाले होते. पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळापर्यंत क्लेमने पिकअप हाकली, एक हात चाकावर आणि एक माझ्या मनगटावर. पेट्रा बरोबर यायला निघाली होती. मीच तिला म्हणाले, "तू थांब. बोल्ट घाल आणि गाडी पळव." झडपेचे दुखणे तिथेच सापडले. संध्याकाळी पेट्राचा फोन आला. विक्रम थोडक्यात हुकला होता. इंजिन उघडले तर प्लगांवर एक डाग नव्हता, म्हणजे पेट्रोल एकदाही वेळेआधी पेटले नव्हते. हे सांगताना ती रडत होती, आणि क्लेम माझ्या पलंगाशी उभ्या उभ्या ऐकत होता.

म्हणून गाडी पेट्राची. तिने ती चालवावी, विकावी किंवा उभी ठेवावी, त्यात कोणी बोलू नये.

पाचवे. आर्नोचे लेथ, पाने आणि मागच्या दाराची किल्ली क्लेमला द्यावी. किल्ली खरे तर मी त्याला आजच दिली आहे, पण कागदावर असलेली बरी.

सहावे. मला आर्नोशेजारी पुरावे. भाषण पाद्र्याने करावे, मर्व्ह गिल्बीने नाही.

सातवे. हे कलम मला नको होते. सगळे लिहून झाल्यावर वकीलबाईंनी विचारले, "आणि पेट्रा तुमच्याआधी गेली तर?"

"जाणार नाही," मी म्हणाले.

"कायद्याला उत्तर लागतं, मिसेस नोस्के."

खिडकीबाहेर पेट्रा आणि क्लेम पुढच्या मार्चवरून हातवारे करत भांडत होते. ती पुन्हा सुटणार आहे, हे मला माहीत आहे. मग सांगितले, आणि बाईंनी ते लिहून घेतले.

तसे झालेच, तर माझे जे काही आहे ते सगळे क्लेम नोस्के याला जावे. कारण माझ्याइतकेच ज्याचे गेलेले असेल, असा तेव्हा तो एकटाच असेल.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे, म्हणून सही करते.

लोरेल हेडविग नोस्के
पीटरबरो, ११ एप्रिल २०२३

आमच्यादेखत सही झाली. या मृत्युपत्रात आमचा काही लाभ नाही:
१. थिओडोरा कालिस, वकील
२. ड्युलसी वॉर्नेके, टपाल कचेरी, पीटरबरो