मागचं दार करड्या रंगाचं

अण्णा,

गॅरेजच्या भिंती मी आतून दुसऱ्यांदा उभ्या केल्या, मूळ भिंतीपासून दोन इंच सुटून, मधल्या पोकळीत दगडी लोकर ठासून, म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. दार केलं, पावणेदोन इंच जाडीचं, खाली रबराची पट्टी. माइकपुढची जाळी केली, बायकोचा जुना पायमोजा भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये ताणून. माइकचा आवाज उचलणारा ॲम्प्लिफायर सुटे भाग जोडून केला. तीनदा जळला, चौथ्यांदा जो चालला तो अजून चालतोय. स्पीकरखालचे वाळू भरलेले ठोकळे केले, दोन काचांची खिडकी केली, त्यातली एक काच मुद्दाम तिरकी. एसीची घरघर तेवढी मला हरवता आली नाही. रेकॉर्डिंग चालू असताना तो बंदच करावा लागतो, आणि ह्यूस्टनजवळच्या या शुगर लँडच्या उन्हाळ्यात बंद गॅरेजमध्ये माणूस दहा मिनिटांत निथळतो. हे सगळं मी चुकत चुकत शिकलो, कुणी शिकवलं नाही. इथल्या मराठी मंडळातले इंजिनियर आणि डॉक्टर गणपतीला स्पीकर लावायला मला बोलावतात. डिग्री कुणी विचारत नाही, कारण माझ्या स्पीकरचा आवाज फाटत नाही.

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमचा नातू तेव्हा एक वर्षाचा होता, तुम्ही त्याला फोटोतच पाहिलंत. तो आता रॅप करतो. म्हणजे काय, तर ठेक्यावर बोलतो, भराभर, यमकं जुळवत, आणि जे जगला तेच सांगतो, निदान तसं सांगायचा या धंद्यात दंडक आहे. चौदाव्या वर्षी शाळेच्या बसमध्ये सुरुवात केली. अठराव्या वर्षी ह्यूस्टनच्या एका बारमध्ये, जिथे त्याला स्वतःला बिअर मागायची परवानगी नव्हती, तिथे पहिला कार्यक्रम केला. बावीस माणसं होती, त्यातला एक मी. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. त्याची आई इथे नर्स आहे, तिच्याच नोकरीवर आम्ही या देशात आलो. ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग ऑस्टिन, अटलांटा, कुणा मोठ्या गायकाच्या आधी वीस वीस मिनिटं. मंडळातले एक पुणेकर काका म्हणाले, "शिव्या देऊन पैसे मिळतात होय? मग आमच्या सोसायटीची अख्खी कमिटी करोडपती व्हायला हवी होती." सगळे हसले, मीही हसलो. त्याच्या गाण्यात शिव्या फार नसतात हे मी सांगत बसलो नाही. त्याची प्रत्येक ओळ माझ्या हाताखालून गेलेली आहे.

ठेके बनवायचा तो त्याचा शाळेपासूनचा मित्र. आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या थालीपीठ खायचा, माझ्या बायकोला 'मावशी' म्हणायचा आणि लोणचं मागायचा. गेल्या मार्चमध्ये, दुपारी सव्वाचारला, एका पेट्रोल पंपावर त्याला गोळ्या घातल्या. कुणाचं काय बिनसलं होतं, मला ठाऊक नाही. माझा मुलगा त्या वेळी पंपावरच्या दुकानात थंड पाण्याच्या बाटल्या घेत होता. पोलिसांना म्हणाला, मी काही पाहिलं नाही. आम्हालाही तेच म्हणाला.

जूनमध्ये त्याने गेलेल्या मित्रावर गाणं लिहिलं. शनिवारची सकाळ, साडेअकरा, एसी बंद. तो काचेपलीकडे, मी अलीकडे. पहिलं कडवं एका दमात झालं. दुसऱ्यात ओळ आली, अर्थ असा की एक गाडी आली आणि तू पडलास. मी थांबवलं. आत बोलायचं बटण दाबून विचारलं, "कुठली गाडी?"

"जस्ट अ कार, बाबा."

"जस्ट अ कार म्हणजे काहीच नाही. असली ओळ कुणीही लिहील. तू होतास ना तिथे?"

त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला. मग म्हणाला, "मरून. मागचं उजवं दार ग्रे होतं. लाइक, दुसऱ्या गाडीचं काढून लावलेलं."

"मग तेच म्हण की."

अण्णा, मी माझ्या कामात होतो. समोर आवाजाची पातळी दाखवणारी हिरवी रेघ बघत होतो. ओळ ढिली होती, ती घट्ट झाली, एवढंच मला कळलं. त्याने दार घातलं, पंपासमोरचं टायरचं दुकान घातलं, घड्याळातली वेळ घातली. मी म्हटलं, "आत्ता कसं!" तीन महिने त्याने जे आईपासून, पोलिसांपासून लपवलं, ते मी त्याच्याकडून बारा सेकंदांत काढून घेतलं, आणि वर त्याला शाबासकी दिली.

गाणं बाहेर आलं आणि चाललं, आजवर त्याचं काहीच चाललं नव्हतं इतकं चाललं. पोरं त्या दुसऱ्या कडव्यावर गाडीत बसून माना हलवतानाचे व्हिडिओ टाकायला लागली. मग त्याखाली कुणीतरी लिहिलं, याने तर पाहिलंय. त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, आता हा किती दिवस गातो बघू. पुढच्या आठवड्यात पोलिसांची एक डिटेक्टिव्ह आली, आमच्या स्वयंपाकघरात बसली, बायकोने दिलेला चहा संपवला आणि फोनवर ते कडवं लावलं. हे खरं आहे का, विचारलं. मुलगा म्हणाला, इट्स अ साँग. कल्पना आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कप उचलून बेसिनमध्ये नेला.

तेव्हापासून मी ऐकत बसलेला असतो. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या मला आवाजावरून कळतात. डावीकडच्या डॉक्टरांची विजेवरची, समोरच्या बाईंची, जिच्या इंजिनाचा पट्टा सुटत आलाय. सप्टेंबरपासून एक नवीन येते. तिचा सायलेन्सर कुठेतरी फुटलाय. आमच्या घरासमोर आली की वेग कमी होतो, मग वळणापर्यंत तसाच. तीनदा आली, तिन्ही वेळा सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान. पहिल्या दोन वेळा मी खिडकीशी पोचेपर्यंत गेली होती. तिसऱ्यांदा मी खिडकीशीच उभा होतो, अण्णा, आणि मला पडदा सरकवता आला नाही. रंग कोणता ते बघायची हिंमत झाली नाही. मला! ज्याला एका वायरचा रंग चुकलेला खपत नाही.

हे माझ्यात आलं तुमच्याकडूनच. तालुक्याच्या कोर्टाबाहेर, पत्र्याखाली, तुम्ही टाइपरायटर घेऊन लोकांची प्रतिज्ञापत्रं करायचात, आणि घरीही तसेच बोलायचात. मी म्हटलं, "अण्णा, एक माणूस येऊन गेला," की मान वर न करता विचारायचात, "एक म्हणजे? उंच का बुटका? पायात काय होतं?" मला सांगता आलं नाही तर म्हणायचात, "मग कुणी आलंच नाही." मला तुमचा अभिमान होता. सतराव्या वर्षापर्यंत होता. त्या वर्षी तो दूधवाला आला. जीपने एका बाईला उडवलं होतं, ते त्याने पाहिलं होतं. हिरवी जीप, डावा दिवा फुटलेला, मागे एका साखर कारखान्याच्या निवडणुकीचा फलक. मी शेजारी कार्बन लावत बसलो होतो, मी ऐकलं. तुम्ही टाइप केलंत, 'एक वाहन'. त्याला अंगठा लावायला दिलात. तो गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही घाबरलात." तुम्ही टाइपरायटरवर कापड घातलंत आणि म्हणालात, "त्याला पाच मैल चालत घरी जायचंय रे."

मी तुम्हाला भेकड म्हटलं. नंतर कधी परत घेतलं नाही. इकडे आल्यावरही फोनवर हवापाणी बोललो, ते सोडून. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी एका चर्चमध्ये शिडीवर चढून वायर ओढत होतो. खाली उतरलो, आणि पहिली आठवण ती आली, कार्बनची. आता असं वाटतं की तुम्ही ओळ ढिली ठेवलीत आणि तो दूधवाला पुढे वीस वर्षं आपल्याच दारात दूध घालत राहिला. पण त्या बाईच्या खटल्याचं काय झालं, तेही मला माहीत आहे. काही झालं नाही. तुम्ही बरोबर होतात असं मला अजूनही म्हणता येत नाही. इथे मुलाच्या त्या मित्राची आई ते गाणं दिवसभर लावून बसते. बायकोला म्हणाली, माझ्या पोराबद्दल नेमकं असं कुणी बोललं असेल तर या गाण्यातच.

मी मुलाला सांगून पाहिलं. ते कडवं नव्याने करू, दार काढू, दुकान काढू, मी एका दुपारी बेमालूम जोडून देतो. तो सोफ्यावर पडून होता, उठून बसला. म्हणाला, "बाबा, यू टोल्ड मी टु पुट इट इन." आवाज चढवला नाही. मग म्हणाला, "आय वॉज स्केअर्ड. यू सेड, तेच म्हण. सो आय सेड इट. आता मी परत घाबरू का?" मी मराठीत काहीतरी बोललो, हिंदीतही बोललो बहुतेक. तो जेवायला आला नाही. पोलिसांकडे जाऊन सगळं सांगूया असं त्याची आई म्हणते. तो म्हणतो, बघू. मी काय म्हणतो ते मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर सांगता येणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. दोन आठवड्यांपूर्वी लॉस एंजेलिसच्या एका कंपनीचा माणूस आला. त्यांना गाणं विकत हवं आहे, व्हिडिओसकट, देशभर लावायला. अट एकच, दुसरं कडवं जसंच्या तसं, शब्द हलवायचा नाही, कारण लोक तेवढंच ऐकतात. व्हिडिओत गाडीही दाखवायची, दारासकट. मुलाने त्याच संध्याकाळी सही केली. पण रेकॉर्डिंग माझं आहे, अर्धा हक्क माझ्या नावावर, ते त्यानेच हौसेने लिहून घेतलं होतं दोन वर्षांपूर्वी. माझ्या सहीशिवाय कागद पुरा होत नाही. मी गाडीत बसून त्या माणसाला फोन केला आणि नाही म्हटलं. त्याने आकडा दीडपट केला. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि त्याला विनंती केली की मुलाकडे माझं नाव काढू नका. मुलाला मी सांगितलंय की कंपनीला गाणं पुरेसं चांगलं वाटलं नाही, त्यांनीच माघार घेतली. तो "ओके" म्हणाला आणि चार दिवस गॅरेजमध्ये गेला नाही. एक लाख ऐंशी हजार डॉलर होते, अण्णा.