मावशी, परत एकदा दारातून या

मा, मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधला तो आरसा तुला आठवतो का? स्वयंपाकघराच्या दाराशी, बाबांच्या दाढीसाठी टांगलेला. मी सात-आठ वर्षांची असेन. तू कशावरून तरी रागावली होतीस आणि मी रडत रडत त्या आरशासमोर जाऊन उभी राहिले, रडताना कशी दिसते ते बघायला. तू माशाची कढई खाली ठेवतेस, माझ्याकडे बघतेस आणि भाजीवालीकडून शिकलेल्या तुझ्या मोडक्या मराठीत म्हणतेस, "रडते तर रड ना. बघते काय?" मग आरशावर गमछा टाकतेस. दोन दिवस बाबा शेजारी जाऊन दाढी करत होते. पुढे तुझ्या कोलकात्याला जाऊन बंगाली सिनेमात माझं नाव झालं, तेव्हा हा किस्सा मी मुलाखतींत हसत हसत सांगायची. ग्लिसरीनशिवाय रडणारी नटी म्हणून केवढं कौतुक व्हायचं माझं!

तू गेल्यानंतरचं तुला काहीच ठाऊक नाही. कामं कमी झाली, मी नाशिकला परत आले, पक्षाने मनमाडची लेक म्हणून उभं केलं आणि चक्क आमदार झाले. गेल्या महिन्यात दिंडोरीजवळ द्राक्षबागेत मजुरीला निघालेल्या बायकांचा ट्रॅक्टर उलटला. पेठ तालुक्यातून आलेली एक मुलगी जागीच गेली. मी भेटायला गेले. बागेच्या कडेला त्यांची पत्र्याची खोली. तिची आई दारातून बाहेर आली, माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. खरंच रडले गं. तेवढ्यात आमचा फोटोवाला म्हणाला, "ताई, तुमच्या तोंडावर अंधार येतोय." आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, दोन पावलं उजेडाकडे सरकले आणि त्या बाईला म्हणाले, "मावशी, परत एकदा दारातून या."

ती आत गेली. परत आली. परत रडली. माझ्याही डोळ्यांत बरोब्बर वेळेवर पाणी आलं. मग पदराने नाक पुसत तिने विचारलं, "आता बरा आला का, ताई?" तिथे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. चांगला आला होता.

काल माफी मागायला एकटीच गेले. गाडी लांब रस्त्यावर उभी केली. मला बघताच ती उठली, पदर सारखा केला, माझ्या मागे कॅमेरा कुठे आहे ते शोधलं आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली. मी हाक मारायची वाट बघत. "काही लागलं तर सांगा," एवढंच म्हणाले आणि निघून आले. लाज वाटते मा, फार लाज वाटते.

सकाळी हे बंगालीत लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि कागद फाडला. तुला मराठी बोलता यायचं, वाचता कधीच आलं नाही. म्हणून मराठीत लिहिलं.