तिसरी पायरी कोरी

१ ऑगस्ट १९७९, बुधवार

ट्रेनिंग संपलं. कळमेश्वरच्या कारखान्यात मोटरपंपाच्या पत्र्याच्या चकत्या पाहून पाहून आता पापडही गोल दिसला की धडकी भरते. पुढचं काम रिपोर्ट. आमचे गाईड पाठक सर म्हणाले, डावीकडे दीड इंच समास, दोन ओळींत जागा, आकृत्या ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत, बांधणी काळी, अक्षरं सोनेरी. आत काय लिहायचं ते सांगायचं राहिलं.

बाकीची पोट्टी गेल्या वर्षीचे रिपोर्ट आणून नावं बदलताहेत. एकाने तर जुन्या मुलाच्या आईवडलांचे आभारसुद्धा तसेच उतरवले. मी ते करणार नाही. फार तत्त्वाचा आहे म्हणून नाही. मॅनेजर साहेब (यापुढे म.सा., शाई वाचते) म्हणाले होते, रिपोर्ट मी स्वतः वाचीन, बरा वाटला तर प्रेस शॉपमध्ये जागा आहे. बाबांच्याने वाडीच्या गोदामात आता पोती उचलणं होत नाही. ते बोलत नाहीत, पण संध्याकाळी जिना चढताना कठडा धरतात, ते मला दिसतं. ही नोकरी लागलीच पाहिजे. बस.

५ ऑगस्ट, रविवार

प्रेसचा भाग लिहिला. पायऱ्या: १ पत्र्याची पट्टी डायवर (खालच्या साच्यावर) ठेवणे. २ हात बाहेर घेणे. ३ हाक. ४ पायडल दाबणे. वरून दट्ट्या येतो, पट्टीची चकती होते. एवढंच. पण तिसरी पायरी इंग्रजीत बसेना. ऑपरेटर देवराव नवीन पट्टी लावली की पहिल्या ठोक्याआधी ओरडतो, "लहानू, हात काढ!" प्रेसच्या मागून लगेच उत्तर येतं, "काढला जी!" मगच पायडल. शेवटी लिहिलं, ऑपरेटर मागच्या हेल्परला सावध करतो, हेल्पर होकार देतो. साहेबी झालं, पण त्यातली गोडी गेली.

हा लहानू मी कधी नीट पाहिलेला नाही. मागे वाकून कातरण ओढत असावा. पण माणूस इमानी. एकदाही उत्तर चुकलं नाही त्याचं. त्या गोंगाटात माझे कान किटायचे, पण त्याचा आवाज कानाशी बोलल्यासारखा स्वच्छ. आभाराच्या पानावर म.सा. नंतर त्याचं नाव घातलं. पोट्टी हसतील. हसू देत.

८ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर शॉपचा नकाशा काढला. यंत्राला चौकोन, माणसाला वर्तुळ. सगळं झकास आलं, फक्त प्रेसमागचं लहानूचं वर्तुळ तीनदा फुटलं. शाई पसरते. ब्लेडने खरवडलं तर तिथे कागदच विरला. विजू (धाकटी) म्हणाली, "दादा, त्यालेच काहून खोडून राहिला सारखा?" हात थरथरतो म्हणालो. थरथरत नव्हता.

१० ऑगस्ट, शुक्रवार

पाठक सरांनी नकाशावर पट्टी ठेवली, चष्मा वर केला. "प्रेस आणि भिंत यांत वीतभर जागा दाखवलीस तू. त्यात हेल्पर उभा कसा राहतो?"

म्हटलं, माप चुकलं असेल.

"चुकलं असेल तर जाऊन घे परत. डोळ्यांनी बघून काढ, आठवणीने नको."

माप मी टेपने घेतलं होतं. चुकलेलं नाही. मग मी वर्तुळ कुठल्या आठवणीने काढलं?

१३ ऑगस्ट, सोमवार

एसटीने कळमेश्वर. जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद होती. मागे हात घालून पाहिला. मनगटापर्यंत गेला, पुढे भिंत. माणूस सोडा, मांजरही बसायचं नाही. आत जाळं होतं, जुनं, धूळ बसलेलं.

देवरावला विचारलं, लहानू कुठे आहे? त्याने भाकरीचा घास परत डब्यात ठेवला.

"कोनता लहानू?"

"तुम्ही हाक मारता तो."

"तो तं मेला गा बाबू. याच प्रेसमंदी. तुमी तवा शाळेत असान. बाही अडकली, सारं आंग वढून नेलं. मंग कंपनीनं प्रेस भिताडाले लावली, मांगं कोनी उभंच राहू नये म्हनून."

"मग हाक काहून मारता?" तिथे गेलं की मीही तसंच बोलतो.

"त्या दिवशी त्याच्या नावानं हाक नोयती मारली मी. पायडल माह्याच पायाखाली होतं." त्याने डब्याचं झाकण लावलं. "आता मारतो."

म्हटलं, आणि तो 'काढला जी' म्हणतो ते?

शेजारी जेवणारे दोघं थांबले. देवरावने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच बोलणं परत गिळावंसं वाटलं.

"आमी निसतं बोलतो, बाबू. आमाले कोनाले उत्तर येत नाही. तुले येते?"

भोंगा झाला. त्याने पट्टी लावली, हाक मारली. मी पंख्यापाशी उभा होतो. उत्तर आलं.

१५ ऑगस्ट, बुधवार

सुट्टी. बाबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आपण भूतबीत, अंगात येनं, सारं छप्पन साली दीक्षाभूमीवर सोडून आलो. तू तवा माह्या खांद्यावर होता. आता इंजिनेर झाला तं ते परत उचलून आणतं का?"

बरोबर आहे त्यांचं. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि त्यांच्यापुढे लाजही वाटली. कारण शोधलं: भिंत जवळ आहे, देवरावचा आवाज आपटून परत येत असेल. प्रतिध्वनी. छान शास्त्रीय शब्द. फक्त प्रतिध्वनी 'जी' लावून बोलतो का, ते कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

१६ ऑगस्ट, गुरुवार

नकाशा नव्याने काढला, मागचं वर्तुळ वगळून. तिसरी पायरी मात्र ठेवली. माणूस नसेल, हाक तर आहे ना? रोज मारतात, मी ऐकली आहे. जे होतं ते लिहायचं, असं सरच म्हणतात. होकाराचं काय करावं ते कळेना, तोही ठेवला.

इतवारीत भांडेगल्लीच्या वर मालतीबाईंची टायपिंगची खोली आहे, तिथे कागद दिले. खाली दिवसभर पितळ ठोकतात, वर बाई टायपरायटर ठोकतात. वर एक कागद, खाली कार्बन लावून तीन. बाई म्हणाल्या, खाडाखोड चारही पानांवर दिसते, एकदा काय ते ठरवून या.

२० ऑगस्ट, सोमवार

टाइप झालेला रिपोर्ट घेऊन म.सां.कडे. त्यांनी खरंच वाचला, पान न् पान. चौथ्या प्रकरणाशी, प्रेसच्या पायऱ्यांपाशी थांबले. दार लावून घ्यायला सांगितलं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

म्हटलं, पाहिलं. ऐकलं.

"शॉपमध्ये काय चालतं ते मला माहीत आहे. चालू दे. कोणाचं काही बिघडत नाही त्याने. पण कागदावर नको. ही ओळ काढ आणि आभारातलं ते नाव. मग सही घेऊन जा." मग जरा नरमले. "रिपोर्ट चांगला आहे. इतकं बघून कोणी लिहीत नाही."

होकाराबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. वाचला मात्र दोनदा, ते मी पाहिलं.

काढतो म्हणालो. लगेच म्हणालो, एवढ्यावर नोकरी घालवायची नाही. बसमध्ये बसल्यावर वाईट वाटलं. मेलेल्या माणसाचे आभार मानायचे आणि परत घ्यायचे, हे काही बरं नाही.

२३ ऑगस्ट, गुरुवार

इतवारीत गेलो तर मारबतीची मिरवणूक, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, गावची इडापिडा पुतळ्याबरोबर बाहेर न्यायची. विसरलोच होतो. खोलीला कुलूप. माणसांच्या लोंढ्यात अडकलो. सगळे जीव तोडून ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा. माझ्याही तोंडून निघालं, घेऊन जा. काय घेऊन जा ते म्हटलं नाही, बाबांची आठवण झाली. घरी आलो ते अंग मोडून.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

मालतीबाईंनी ती ओळ आणि आभारातलं नाव खोडरबराने काढलं. चारही पानांवर. आकडा खोडायला गेल्या तर कागद फाटेल म्हणाल्या. नवीन पान टाइप करायला वेळ नाही, बाहेर पोट्ट्यांची रांग. म्हणून आता असं दिसतं: १ आहे, २ आहे, ३ पुढे कोरं, ४ आहे. सोनेरी अक्षरं, काळी बांधणी आणि आत बोळकं.

सही मिळाली.

२८ ऑगस्ट, मंगळवार

तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक, पाठक सर, आणि खुर्चीवर म.सा., त्यांनाही बोलावलेलं. परीक्षकांनी पानं भराभर उलटली, आणि नेमके तिथेच थांबले.

"तिसरी पायरी कोरी का?"

म.सा. खिडकीबाहेर बघायला लागले. मी आपोआप बोललो, "तिथे थांबायचं असतं, सर."

"कशासाठी?"

"हात निघाला का ते विचारायला."

परीक्षक खूश. म्हणाले, सुरक्षेसाठी मुद्दाम कोरी ठेवली, अशी कल्पना कोणी केली नव्हती. सगळ्यांना वाचून दाखवलं. मी मान खाली घालून उभा. लोकांना वाटलं विनय.

पास. बाहेर म.सां.नी खांद्यावर हात ठेवला. "शुक्रवारी येऊन पत्र घेऊन जा." बाबांना सांगितलं तर ते उठून उभे राहिले. मग विजूला पेढे आणायला पिटाळलं.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

पत्र मिळालं. प्रेस शॉप, शिकाऊ सुपरवायझर, सोमवारी सकाळी हजर. देवरावला पेढा द्यायला गेलो. त्याने घेतला, खाल्ला नाही. मला मशिनीपासून लांब, पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"बाबू, इथली नोकरी नको धरू गा. दुसरीकडं पाह्य."

मला रागच आला. म्हटलं, दुसरीकडे काय माझा मामा बसलाय? का नको ते सांगा.

"लहानूले बी ऐकू यायचं."

कोणाचं?

"लहानूच्या अगुदर झिंगरू होता. तोही याच प्रेसमंदी गेला. आमी तवा झिंगरूच्या नावानं हाक मारत होतो. लहानू नवा लागला, मले हासून सांगे, झिंगरू मांगून 'हो' म्हनते म्हनून. आमाले मजाक वाटे." तो टाकीच्या तोटीशी चाळा करत होता. "त्या दिवशी म्या हाक मारली. झिंगरू, हात काढ. लहानू म्हने, हो म्हनला तो, दाब. म्या दाबलं. हात लहानूचाच आत होता."

तोटी गळत होती. देवराव रडत नव्हता, पण त्याचं तोंड रडल्यासारखं झालं होतं. मला त्याच्या खांद्याला हात लावावासा वाटला, लावला नाही.

बसमध्ये एकच विचार. लहानूने उत्तर ऐकलं, म्हणून आपला हात पाहिला नाही. ऐकू येणं हाच घोटाळा.

२ सप्टेंबर, रविवार

काल काही लिहिलं नाही. आज ठरलं.

जायचं. बाबांनी शनिवारी गोदामात सांगून टाकलं, आता येत नाही म्हणून. मला विचारलंसुद्धा नाही, इतका विश्वास. नवा डबा आणलाय, त्यावर माझं नाव कोरून. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की भिंतीमागच्या माणसाला भितो?

आणि उपायही सापडला, साधा आहे. उद्या देवरावला सांगायचं, हाक माझ्या नावाने मारा. मधुकर, हात काढ. मेलेल्याचा हात निघाला का ते विचारून काय उपयोग? जिवंताला विचारा. उत्तर मी देईन, माझ्या तोंडाने, हात बघून. मागून कोणी काही म्हटलं तर ते धरायचं नाही. कोऱ्या ओळीत हेच लिहायला हवं होतं. हे सुचलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की दुपारी मस्त झोपलो. लहानूचेही मनात आभार मानले. आता कागदाचं काय काम?

संध्याकाळी आई वडे तळत होती, उद्याच्या आनंदाचे. बाबा दारात, विजू पाट मांडत होती. पहिला वडा तोंडात होता तेवढ्यात चुलीजवळच्या ताटातल्या दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आई चिमट्याने कढई तिथेच खाली उतरवत होती, ओरडली, "मधु, हात काढ!"

"काढला जी."

अगदी जवळून, स्वच्छ. आवाज माझा.

उत्तर ऐकून आईने कढई खाली आणली. विजू किंचाळली म्हणून थांबली.

माझं तोंड वड्याने भरलेलं होतं. हात तिथेच होता.